झाकणाचा कप

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात मी सव्वीस वर्षं काढली. माणसाच्या अंगातून जे काही बाहेर पडतं ते सगळं माझ्या हातांखालून गेलंय. रक्त, पू, उलटी, आणि जेवताना ज्याचं नाव काढू नये तेसुद्धा. नव्या बायका यायच्या, पहिल्या दिवशी नाकाला रुमाल बांधायच्या आणि दुसऱ्या दिवशी यायच्याच नाहीत. मी तिथेच बाकावर डबा उघडून जेवायचे. किळस म्हणजे काय असं कुणी विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, रिकामटेकड्यांचे चोचले, दुसरं काय. त्या नोकरीने माझे कान तेवढे नेले. ती अवाढव्य यंत्रं दिवसभर घरघरायची. आता मला समोरचा माणूस बोललेला कळतो, बाकी बारीकसारीक आवाज माझ्यापर्यंत पोचत नाहीत.

तर ती किळस मला साठी उलटल्यावर आली. भर रस्त्यात, पोटच्या पोराची. पण ते ओघाने येईल. आधी यांच्याबद्दल सांगायला हवं.

हे म्हणजे आमचे हे. सगळा बाजार त्यांना घड्याळमास्तर म्हणायचा. दोन इमारतींमधल्या जिन्याखाली यांचं दुकान होतं. दुकान कसलं, काचेची पेटीच. आत एक माणूस बसायचा, आणि दुसरा आला तर पहिल्याला श्वास घ्यायला बाहेर यावं लागायचं. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि तोंडाला कुलूप. माझं तोंड आणि यांचे कान, एवढ्यावर आमचा संसार झाला. बोलायचेच झाले तर घड्याळांशी बोलायचे, आणि तेही हळू आवाजात, गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये म्हणून.

यांची एक पद्धत होती. ऑटोमॅटिक घड्याळ नावाचा प्रकार असतो. त्याला चावी नाही, सेल नाही. आत एक अर्धगोल वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंग आपोआप भरत जाते. माणूस चालला तर घड्याळ चालणार. असं घड्याळ दुरुस्त झालं की हे ते दोन दिवस स्वतःच्या हातावर घालायचे. टेबलावर ठेवलेलं घड्याळ खरं बोलत नाही म्हणायचे. कधी कधी दोन्ही मनगटांवर परक्यांची घड्याळं घालून घरी यायचे. मी म्हणायचे, स्वतःची वेळ कधी घालणार हातावर? पण जेवायच्या आधी न चुकता सगळी उतरवायचे आणि लाल मखमलीच्या तुकड्यावर ओळीने मांडून ठेवायचे. गिऱ्हाइकाचं घड्याळ घालून जेवायचं नाही हा नियम. परक्याची वस्तू, तिला आपल्या जेवणाचा डाग कशाला.

मग उजवा हात थरथरायला लागला. आधी एक बोट, मग पंजा, मग कोपरापर्यंत. काही काम करत नसले तरी हात मांडीवर पडल्यापडल्या हलायचा. एका दुपारी केसाएवढी बारीक स्प्रिंग उचलायला हे तासभर धडपडले. ती चिमट्यात आली नाही ती नाहीच. गिऱ्हाइकाला घड्याळ परत दिलं, दुसऱ्याला दाखवा म्हणाले, शटर ओढलं आणि घरी येऊन खुर्चीत बसले. काय झालं हे मला आठ दिवसांनी शेजारच्या चांभाराकडून कळलं.

चहा सांडायचा. अंगावर, टेबलावर, वर्तमानपत्रावर. म्हणून आमच्या चिरंजीवांनी एक दिवस दुकानातून कप आणला, निळा, झाकणाचा, वर चोच असलेला, दीड वर्षाची पोरं पितात तसला. वर बदकाचं चित्र. त्याचा हेतू चांगलाच होता, नाही म्हणत नाही. पण त्या दिवसापासून हे चहा पिताना माझ्याकडे पाठ करून बसायचे. पाच वर्षं. भिंतीकडे तोंड करून चोचीतून चहा ओढणारा माझा नवरा मी पाच वर्षं पाहिला. मला दुसरं काही नको होतं. या माणसाने एकदा साधा कप धरावा आणि माझ्याकडे तोंड करून चहा प्यावा, एवढंच.

आता चिरंजीव. पस्तिशी गाठली, लग्नाचं विचारू नका. पार्सलांच्या मोठ्या गोदामात नोकरी. खोकी उचलून उचलून त्याच्या कमरेची एक चकती सरकली, तेव्हा सुपरवायझरच्या हातापाया पडून त्याने गेटवरचं काम मिळवलं. खुर्चीत बसायचं, आलेल्या ट्रकचे नंबर लिहून घ्यायचे. तोपर्यंत सगळं ठीक होतं. मग गोदामवाल्यांनी सगळ्यांच्या हाताला पट्टे बांधले. घड्याळासारखाच पट्टा, पण त्यावर कामाचे निरोप येतात, हजेरीही त्यातच. आणि त्याला चार्जरच नाही. हात हलला की पट्टा भरतो. माणूस काम करतोय तर हात हलणारच, हलला नाही तर तो काम करत नाही, असं त्यांचं शहाणपण. पट्टा बंद पडला की हजेरी बंद.

खुर्चीत बसणाऱ्याचा पट्टा कशाने भरणार? याचं डोकं कुणी लढवलं नव्हतं. तीनदा पट्टा बंद पडला तर गेट सोडून परत खोकी उचलायची, असा कागदच दिला त्यांनी. दोनदा पडून झाला होता. मग आमच्या शहाण्याने पट्टा वॉशिंग मशीनच्या झाकणाला चिकटवला. तो सुटून बादलीत पडला. मग शेजाऱ्यांच्या कुत्र्याच्या गळ्यात अडकवला. कुत्रा दिवसभर झोपला. हसून हसून माझं पोट दुखलं. हे खुर्चीत बसून सगळं बघत होते. म्हणाले, "आण इकडे."

पट्टा हातावर बांधला. हात आपला नेहमीसारखा मांडीवर थरथरत होता. तासाभरात पट्टा काठोकाठ भरला.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पाच वर्षांत पहिल्यांदा हे ताठ बसले होते. दुसऱ्या दिवशी न सांगता दाढी केली. गेटवर, ऑफिसात बसणारे आणखी सहाजण होते, त्यांच्या कानावर गेलंच. रोज सकाळी आठाला लंबू नावाचा त्याचा दोस्त सगळ्यांचे पट्टे गोळा करून आणायचा आणि सगळ्यांची पाळी दुपारची, म्हणून चिरंजीव अडीचला जाताना घेऊन जायचे. सात पट्टे, मनगटापासून कोपरापर्यंत. हे प्रत्येक पट्ट्याची पाठ कापसाने पुसायचे, कुठला कुणाचा हे लक्षात ठेवायचे आणि जेवायची वेळ झाली की सातही उतरवून मखमलीवर मांडायचे. लंबू बदल्यात केळी आणायचा. एकदा म्हणाला, "काका, डावा हात पण हलायला लागला तर काय सोय होईल." सगळे हसले. मीही हसले. आज ते हसणं आठवलं की तोंडाला कडू पाणी सुटतं. पण हसले होते, ते काही आता गिळता येत नाही.

मग नव्या डॉक्टरीणबाई मिळाल्या. त्यांनी हात धरला, चालायला लावलं, आणि गोळी लिहून दिली. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात. वेळेवर म्हणजे वेळेवर, म्हणाल्या, या गोळीचं सगळं वेळेत आहे, उशीर झाला की हात लगेच उसळतो. मी म्हटलं, बाई, घड्याळमास्तरांच्या घरात वेळ चुकायची नाही.

आमच्या भिंतीवर टोल्यांचं जुनं घड्याळ आहे. यांच्या गुरूने दिलेलं. त्या घड्याळात बघून मी गोळी द्यायचे. माझ्याकडे फोन आहे, पण तो चार्ज असेल त्या दिवशी मीच त्याला ओळखत नाही.

नवव्या दिवशी यांनी साधा कप मागितला. मी अर्धाच भरला. यांनी तो उजव्या हाताने उचलला, ओठाला लावला, आणि माझ्याकडे बघत प्यायला. एक थेंब सांडला नाही. मी उठून गॅसपाशी गेले, उगाच भांडी हलवली. रडले म्हणा हवं तर. निळा कप मी फडताळात मागे टाकला, परत दिसू नये म्हणून.

चिरंजीव अडीचला पट्टे न्यायला आले आणि ते बघून त्यांचं तोंड वाकडं झालं. निम्मेही भरले नव्हते. "बाबा, हात बंद पडला की काय?" म्हणाला. मला वाटलं, थट्टा करतोय. मी म्हटलं, "बंद पडला नाही रे, बरा झाला." त्याने पट्टे पिशवीत भरले. दुसऱ्या दिवशी लंबूने केळी आणली नाहीत.

पुढे आठवड्याभरात काय झालं कोण जाणे, दुपार झाली की यांचा हात परत उसळायला लागला. जेवणाच्या आधी तर असा की मखमलीवर पट्टे ठेवताना खाली पडायचे. पट्टे मात्र झकास भरायचे. एकच्या गोळीनंतर हात थोडा शांत व्हायचा, पण तोवर यांचं अंग आंबून गेलेलं असायचं. एके दुपारी साधा कप हातातून सुटला आणि फुटला. हे उठले, फडताळात मागे हात घालून निळा कप काढला, माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

मी गोळीला शिव्या दिल्या, औषधवाल्याला दिल्या, नशिबाला दिल्या. डॉक्टरीणबाईंची अकराची वेळ घेतली. भिंतीवर दहा वीस झाले तेव्हा निघालो, चालत वीस मिनिटं. दवाखान्यात टेबलामागची मुलगी म्हणाली, "आजी, तुमची वेळ टळून गेली. साडेअकरा झालेत."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मुली, मी घड्याळमास्तरांची बायको आहे. आमच्या घरचं घड्याळ चाळीस वर्षांत चुकलेलं नाही. तुमचंच पुढे आहे." तिने स्वतःचा फोन दाखवला. मागे बसलेल्या एका गृहस्थाने त्यांचा दाखवला. मी यांच्याकडे बघितलं, म्हटलं, अहो, सांगा ना. हे आपल्या चपलांकडे बघत बसले होते.

डॉक्टरीणबाई भल्या, त्यांनी मध्ये घेतलं. हात बघितला, गोळ्यांच्या वेळा विचारल्या. मी सांगितल्या. म्हणाल्या, "दुपारची गोळी तासभर उशिरा जातेय असं दिसतंय. दुपारी हात उसळतो तो त्यानेच." मी पिशवी उचलली आणि यांना उठवलं.

परत येताना रस्त्याच्या कडेला एका दुकानाच्या पायरीवर यांना बसवलं. म्हटलं, "घड्याळ आजारी पडलंय. घरी गेल्यावर उघडा."

"घड्याळ ठीक आहे," हे म्हणाले.

"मग पन्नास मिनिटं मागे कसं पडतं?"

यांनी पायातली चप्पल सरळ केली. मग म्हणाले, "पडत नाही. पाडतात. तू नऊला भाजी आणायला जातेस तेव्हा काटा मागे घेतो. अडीचला निघताना परत पुढे ढकलतो. मी तेव्हा न्हाणीघरात असतो, नाहीतर डोळे मिटून पडलेला असतो."

"कोण?" मी विचारलं. विचारायची गरज होती का? पण विचारलं.

"त्या घड्याळाला टोले मोजायचं वेगळं चाक आहे," हे म्हणाले. "काटा मागे फिरवला तरी ते चाक मागे येत नाही. वाजून गेलेला तास पुन्हा आला की पुढचाच आकडा वाजतो. तुला ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी बाराला एकच टोला पडला. दुसऱ्या दिवशी दोन. रोज एक टोला वाढतोय. आज नववा दिवस."

"नऊ दिवस तुम्हाला ठाऊक होतं."

"चाळीस वर्षं घड्याळं ऐकलीत मी."

"आणि गोळीची वेळ टळतेय हे कळत असताना हात आपटत गप्प बसलात?"

"त्याची कंबर गेलीय," हे म्हणाले. "खोकी उचलली तर उठणार नाही तो."

आणि तेव्हा ती किळस आली. मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले, ओकारी येईल असं वाटलं. सव्वीस वर्षं मी जे धुतलं ते निदान आजाराचं होतं. ते कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. बापाचा हात थरथरावा म्हणून पोराने रोज सकाळी काच उघडायची, काटा मागे सारायचा, काच लावायची, आणि मग समोर बसून चहा-पाव खायचा. हे कुठल्या पाण्याने धुवायचं? आणि यांचीही किळस आली मला, हो. असल्या माणुसकीची. तिने पोर नासवलं.

घरी पोचलो तेव्हा चिरंजीव टेबलाशी फोन बघत बसले होते. भिंतीवरचं घड्याळ आपलं निवांत बारा वाजून पाच मिनिटं दाखवत होतं. मी म्हटलं, "खरे किती वाजलेत रे?"

त्याने फोनकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग माझ्याकडे. पोर माझंच आहे, खोटं बोलायला लागलं की कान लाल होतात. लाल झाले.

"आई, पन्नास मिनिटांनी काय होतं?" तो म्हणाला. "मरत तर नाही ना कोणी. माझी नोकरी जातेय इकडे. दोनदा बंद पडलाय पट्टा. तिसऱ्यांदा पडला की संपलं."

"तुझा एक पट्टा," मी म्हटलं. "बाकीचे सहा कुणाचे? लंबूची पण कंबर गेलीय का? केळ्यांसाठी बापाचा हात भाड्याने दिलास?"

"त्यांनी तोंड उघडलं तर माझाही पट्टा बंद होईल," तो म्हणाला. "तुला काय कळतंय." आणि मग खाली बघून, "बाबांना त्रास होत नाही. ते बसूनच असतात."

मी हात उचलला होता. मारणार होते त्याला, पस्तिशीच्या घोड्याला. हे मध्ये आले. त्याच्या खांद्यावर तो थरथरणारा हात ठेवून म्हणाले, "स्टूल घे. वर चढ."

तो गोंधळला. पण चढला.

"काटा कधी मागे फिरवायचा नाही," हे म्हणाले. "तास वाजून गेला असेल तर मुळीच नाही. आतलं चाक बिचकतं. खाली एक तार आहे, दिसली? ती उचल. वाजू दे. संपूर्ण वाजू दे. आता परत. अशी तीनदा उचल, म्हणजे जागेवर येईल."

लहानपणापासून यांनी त्या पोराला घड्याळापाशी ओढायचा प्रयत्न केला होता. तो कधी वळला नाही. आता स्टुलावर उभा राहून, वाकड्या कमरेने, तो तार उचलत होता आणि हे खाली उभे राहून ओठ हलवत टोले मोजत होते. माझ्यापर्यंत काही पोचत नव्हतं, पण यांचे ओठ दिसत होते. यांचा चेहरा मला बघवेना. खूश होते हो. नऊ दिवस जाळून घेतलं आणि आता हा माणूस शिकवणी घेत होता.

"आता काटा पुढे ने. हळू. एकाशी थांब."

तो थांबला. यांनी एक बोट वर केलं, म्हणजे मला कळावं. एक टोला. बरोबर एक. फोनमध्येही एक वाजला होता.

मी पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन यांच्यापुढे उभी राहिले. नवा साधा कप आदल्या दिवशीच आणून ठेवला होता, पांढरा, तोही काढला. चहाचं आधण चढवलं. एकाला गोळी, दीडपर्यंत हात शांत, मग चहा. सरळ हिशेब होता. सहा परके पट्टे मखमलीवर पडले होते. सातवा, चिरंजीवांचा, यांच्या मनगटावर होता. दवाखान्यात जाताना काढायचा राहिला होता.

हे खुर्चीत बसले. पट्ट्याकडे बघितलं. "पाव भरलाय," म्हणाले. "हा अडीचला निघेल. याचा भरू दे. मग घेतो गोळी."

मी यांच्याकडे बघितलंच नाही. मी पोराकडे बघितलं. म्हटलं, आता तरी हा बोलेल. पुढे होईल, पट्टा उतरवेल, नको बाबा म्हणेल. एवढंच म्हणायचं होतं त्याला, दोन शब्द. चहाला उकळी आली, उतू गेला, मी बघत राहिले.

तो स्टुलावरून उतरला, स्टूल जागेवर ठेवलं. "आजच्यापुरतं, आई," तो म्हणाला.

मी गोळी परत पाकिटात ठेवली. पांढरा कप फडताळात ठेवला, आणि निळ्या कपाचं झाकण उघडलं.